वायरलेसमधली टकटक

भर दुपारी, मिरकरवाडा बंदरात मृणाली अस्लमचाचांच्या बोटीवर मॉडेम बसवत होती. चाचा शेजारी जाळं सांधत बसले होते. जाळ्याचं एक टोक काठावरून पाण्यात लोंबत होतं.

मॉडेम चालू केल्यापासून बोटीच्या वायरलेसमधून आवाज येत होता. तीनदा टक, मग थांबून एकदा.

तिने अँटेना दूर नेला, वायरींना तांब्याची पट्टी गुंडाळली. शेवटी मॉडेमच काढून पिशवीत टाकला.

टक टक टक. टक.

"मग हा येतो कुठून?" तिला आता गंमत वाटायला लागली.

चाचांचे हात थांबले. "मासळी लागली की आम्ही वायरलेसवर बोलत नाय, बाकीच्या बोटी ऐकतात. नुसतं माइकचं बटण दाबायचं. प्रत्येक बोटीच्या तांडेलाची खूण वेगळी. ही माझी."

"तुम्ही तर इथे आहात."

"हो ना."

"अर्थ काय तिचा?"

"जाळं जड झालंय, ओढायला या."

"आणि उत्तर कसं देतात?"

"एकदा दाबून. पण तू..."

मृणालीने बटण दाबलं होतं.

टकटक बंद झाली. चाचांच्या मांडीवरचं जाळं सावकाश काठाकडे सरकू लागलं.