गमबूट

रोह्याच्या कंपनीनं मला तीन पावसाळ्यांत तीनदा लेखी कळवलं, "आमच्या गटारातून फक्त पावसाचं पाणी येतं." कागदाला काय जातंय? पिवळा फेस माझ्या खाचरात उतरायचा, भाताची रोपं माझी करपायची. यंदा चौथा अर्ज केला नाय. फुटलेला बांध बुजवतात तसं ढेकळं आणि पेंढा टाचेनं दाबून गटाराचं तोंडच बुजवलं. तासाभरात पाणी उलटं फिरून कंपनीच्या गेटात शिरलं. मॅनेजर गुडघ्यापर्यंतचे गमबूट चढवून धावत आला. "कृष्णाबाई, गटार उघडा! आवारभर पाणी साचलंय!" "साचू दे की. पावसाचंच हाय ना?" "हो, पावसाचंच." माझ्या अनवाणी पायांवरचे फोड त्याला दिसत होते. मी फावडं पुढं केलं. "घ्या साहेब, तुम्हीच उघडा. फक्त बूट काढून पाण्यात उतरा." त्यानं फेसाकडे पाहिलं, मग बुटांकडे. फावडं अजून माझ्याच हातात हाय.