दिव्यासमोरचा चेहरा

"झालंच समजा," साहेब म्हणाले आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंना निरोप द्यायला खुर्चीतून अर्धे उठले. पूर्ण उठायची सवय नव्हती.

बाईंच्या गल्लीत कित्येक दिवस अंधार होता. लेक कामावरून घरी येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा. "खांबाकडे एकदा बघून जा, साहेब," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

त्या गेल्यावर दाराजवळच्या स्टुलावरून जीन्समधल्या मुलीने विचारलं, "काका, झालंच समजा म्हणजे कधी?"

"ताई, राजकारणात 'कधी' नसतं. 'नक्की' असतं."

साहेब सगळ्याच बायकांना ताई म्हणत. निम्मी मतदारयादी त्यात बसते.

नगरसेवक कार्यालयातली उन्हाळी इंटर्नशिप सुरू होऊन आठवडा झाला होता. कॉलेजचा नियम साधा होता: शेवटच्या दिवशी सही मिळाली तर पदवी, नाहीतर पुढच्या वर्षी या. पहिल्या सकाळी साहेब मोठ्या खुर्चीत जाऊन बसले. मुलीने खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि स्टूल ओढलं. "इथून बरं ऐकू येतं," ती म्हणाली. शिपायाने चहा आणला तो आधी साहेबांना. कुणालाच काही खटकलं नाही.

साहेबांनी वीज विभागाला फोन लावला. "मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?" पलीकडचा आवाज खोलीभर घुमला.

"लाइन खराब आहे," म्हणत साहेबांनी फोन ठेवला.

"मग चालतच जाऊ या," मुलगी म्हणाली.

त्या गल्लीत साहेब चालत गेले होते ते फक्त प्रचाराला. तेव्हा पुढे लाउडस्पीकर होता, त्यामुळे कुणाचं काही ऐकायची वेळ आली नाही.

दोघं पोचली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. खांबावरचा दिवा व्यवस्थित पेटला. त्याच्यासमोर आडवा बांधलेला गेल्या निवडणुकीचा जुना फलकही उजळून निघाला. 'पुन्हा एकदा!' आणि खाली साहेबांचं भलंमोठं हसू. गल्लीत मात्र मिट्ट काळोख.

शिवणकामवाल्या बाई दारात आल्या. "कसं सांगणार, साहेब? तुमचाच चेहरा आडवा आलाय."

साहेब मान वर करून स्वतःकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिडी आहे का कुणाकडे?"

"माणूस बोलावू?" बाईंनी विचारलं.

"नको. चढवायला माणसं होती. उतरवतो मी."

त्यानंतर साहेब रोज चालत हिंडले. 'झालंच समजा' हळूहळू मागे पडलं. "कधीपर्यंत करू?" असं ते लोकांनाच विचारू लागले. सकाळी डबा हातात देताना बायको बजावायची, "या खेपेला तरी अर्धवट सोडून येऊ नका." तेही त्यांनी निमूट ऐकलं.

शेवटच्या दिवशी कॉलेजचा कागद टेबलावर आला. साहेब आता पूर्ण उठले आणि खुर्ची मोकळी केली.

त्या उन्हाळ्यात मुलगी प्रथमच खुर्चीत बसली. पेनचं टोपण काढत तिने विचारलं, "काका, खरं लिहू की चांगलं?"

"खरंच लिहा, ताई."

'विद्यार्थी उशिरा शिकला, पण शिकला,' असं तिने लिहिलं, खाली सही केली आणि 'नगरसेविका' असा शिक्का मारला.