अलिप्त समितीची बैठक

“नियम सात-ब,” असं म्हणून समितीवरच्या वकिलांनी चष्मा वर सरकवला आणि नियम पुन्हा पहिल्यापासून वाचला. “उमेदवाराचं मूल्यमापन अलिप्त तज्ज्ञच करतील. जो उमेदवाराचा विद्यार्थी होता, किंवा ज्यानं उमेदवाराबरोबर काम केलं, तो अलिप्त नव्हे.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाई बसल्या होत्या. वैद्यकीय महाविद्यालयात त्या बावीस वर्षं शिकवत होत्या, आणि बावीस वर्षं तात्पुरत्या होत्या. दर वर्षी एक कागद यायचा, त्यावर सही केली की त्या आणखी एका वर्षापुरत्या उरायच्या. आता नवे निकष आले होते. कायम करा, नाहीतर मोकळं करा. मुदत आज संध्याकाळी पाचची. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते आणि समितीची गाडी अजून पत्रांपाशीच अडली होती.

बाहेरच्या पाच नामवंतांची मतं मागवली होती. चौघांनी उलट टपाली कळवलं होतं की छातीला नळी लावून नेमकं काय ऐकायचं, ते आम्ही बाईंकडूनच शिकलो. म्हणजे चौघे बाद. पाचव्यानं लिहिलं होतं, ‘या नावाची व्यक्ती माझ्या ऐकिवात नाही.’

“हा मात्र शंभर टक्के अलिप्त!” अध्यक्ष खुशीत म्हणाले.

“पण मग चार-अ आडवा येतो ना,” हाडांचे डॉक्टर म्हणाले. “उमेदवाराची कीर्ती बाहेर पसरलेली हवी.”

“म्हणजे सगळ्यांनी मला ओळखलं पाहिजे,” बाई म्हणाल्या, “आणि जो ओळखतो त्यानं तोंड उघडायचं नाही.”

“अगदी बरोबर!” वकिलांना मनापासून आनंद झाला. निकष इतक्या चटकन कुणाला समजल्याचं ते पहिल्यांदाच पाहत होते.

अध्यक्षांनी घसा खाकरला. “बाई, तुमचे शोधनिबंध जरा जास्त असते ना, तर काहीतरी जुळवता आलं असतं. सातच आहेत.”

“आणि तुझे?” बाईंच्या तोंडून निघून गेलं. “म्हणजे, तुमचे?”

“एकशे बारा.”

“असणारच. तुम्ही ते लिहीत होतात तेव्हा तुमचा वॉर्ड मीच बघत होते.”

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

पुढची दहा मिनिटं ‘कीर्ती’ मोजायची कशी, यावर गेली. बाहेर म्हणजे शहराबाहेर की देशाबाहेर, यावर आणखी दहा. बाई घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी त्यांचा धीर सुटला.

“अरे, कुठल्या परक्या माणसाच्या पत्राची वाट बघताय? तुम्ही चौघे डॉक्टर बसलाय ना इथे? तुम्ही बघितलंय मला काम करताना. तुमच्यातल्या कुणाला मी शिकवलं नाही, सांगा बघू!”

वकिलांचं पेन थांबलं.

“काय म्हणालात? चौघेही तुमचे विद्यार्थी?”

आपण काय बोलून बसलो, ते बाईंच्या तेव्हा लक्षात आलं.

“मी तर दोनदा,” हाडांचे डॉक्टर म्हणाले. “पहिल्या वेळी नापास केलं होतं.”

“मग सात-ब समितीलाही लागू होतो,” वकील म्हणाले. “तुम्हा चौघांना बाहेर जावं लागेल. मलाही वाईट वाटतंय.”

त्यांना तसं काही वाटत असल्याचं दिसत नव्हतं. चौघे उठले. “काय करणार बाई, नियमच तसा आहे,” असं प्रत्येकानं जाताना सांगितलं. चौघांचेही चेहरे एखाद्या कंटाळवाण्या लग्नातून लवकर सुटका झाल्यासारखे होते.

खोलीत वकील आणि बाई उरल्या.

“तुम्ही तरी सही करा,” बाई म्हणाल्या.

“करतो की! मी वैद्यकीचं अक्षरही शिकलेलो नाही. माझ्याइतका अलिप्त माणूस तुम्हाला मिळायचा नाही.” त्यांनी टोपण काढलं, सवयीनं पान उलटून पाहिलं आणि टोपण परत लावलं. “सात-क. ‘किंवा ज्याच्यावर उमेदवारानं उपचार केले.’”

“तुमच्यावर?”

“गेल्या वर्षी. मी दमा दमा म्हणून औषधं खात होतो. तुम्ही दोन मिनिटं नळी लावलीत आणि म्हणालात, दमा नव्हे, हृदय आहे.”

“आता कसं वाटतंय?”

“उत्तम. तीन जिने चढतो,” वकील अपराध्यासारखे म्हणाले. कागद गोळा करून, दार हलकेच ओढून घेऊन तेही गेले.

पाच रिकाम्या खुर्च्यांसमोर बाई बसून राहिल्या. पाच वाजले. निर्णय कुणी घेतला नव्हता, पण तो झाला होता. त्यांनी पर्स उचलली, पंखा बंद केला आणि दार उघडलं.

चौघे डॉक्टर बाहेरच घोटाळत होते. बाईंना पाहताच त्यांचं बोलणं तुटलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी चौघेही हात पाठीमागे घेऊन भिंतीलगत रांगेत उभे राहिले. सकाळी वॉर्डात बाई यायच्या तेव्हा विद्यार्थी उभे राहायचे, तसे.

बाई रांगेसमोर थांबल्या. एकेकाचा चेहरा त्यांनी पाहून घेतला.

“हं, बोला,” त्या म्हणाल्या. “पेशंट कशानं गेला?”

एकही हात वर झाला नाही. हाडांचे डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. अध्यक्ष अर्धं पाऊल सरकले आणि शेजारच्याच्या खांद्याआड झाले.