सव्वादोनच्या बांगड्या

फोनमधली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणाली आणि सूरजनं जीप उजवीकडे घातली. रस्ता चुकला, हे मागं बसलेल्या सुषमाला तिथंच कळलं. पण ती हातातली जपमाळ तेवढी पुढं सरकवत राहिली.

चुकू दे. जितकं चुकेल तितकं बरं.

जीपच्या मागं चाकांवरची खोली जोडली होती. दोन पलंग, गॅसची शेगडी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. अशा खोल्या सहलीला भाड्यानं देणं हाच सूरजचा धंदा. तो सुषमाच्या नवऱ्याचा, पुढं बसलेल्या हौशीरामांचा पुतण्या; वडिलांच्या बदल्यांमुळं लांब वाढलेला, त्यामुळं या भागात फोनच्याच भरवशावर. काकांना परक्या घरात झोप लागत नाही, म्हणून अंथरूणच बरोबर घेऊ, असं तोच म्हणाला होता. शिरूरहून निघायचं आणि पहिला मुक्काम खुटबावला. हा हट्ट हौशीरामांचा. खुटबावला नकुशी वाट बघतीय, असं त्यांचं म्हणणं.

दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. नकुशी शेवंतीच्या वाफ्यातून कशी यायची, हसताना तोंडावर पदर कसा धरायची. सुषमानं गरम भाकरी ताटात टाकावी आणि त्यांनी नकुशीच्या हातची भाकरी आठवावी. निघायच्या आदल्या दिवशी तिनं सूरजला विचारलं होतं, एवढं नेऊन मिळणार काय. तो खाली बघत म्हणाला, डॉक्टरांनीच सांगितलंय, त्यांच्या मनासारखं होऊ द्या. तुम्ही मनावर घेऊ नका, काकू.

मनावर घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही त्यानं सांगितलं नाही. चाळीस वर्षांचा संसार झाला होता. आणि गेल्या दिवाळीपासून हौशीराम तिला ‘अहो बाई’ म्हणत होते, शेजारणीला म्हणावं तसं.

उजवीकडचा रस्ता कॅनॉलच्या कडेनं गेला आणि अरुंद होत होत उसात शिरला. पुढं मातीचा ढीग. वळवायला जागा नाही. मागं घ्यायची म्हणून सूरज स्टिअरिंग डावीकडे फिरवी, तर खोली भलतीकडेच, पाण्याच्या बाजूला सरके. तिसऱ्या खेपेला तिचं एक चाक पार काठावर आलं, तसा सूरजच्या कपाळावर घाम फुटला.

“उतर खाली,” हौशीराम म्हणाले.

उमेदीत त्यांनी साखर कारखान्याला ऊस वाहिला होता, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून. त्यांनी आरशात एकदा बघितलं, स्टिअरिंगवर हात टेकले आणि ते लांबलचक धूड एका दमात मागं आणून सडकेवर सरळ उभं केलं. सुषमा त्यांच्या हातांकडं बघत राहिली. या हातांना काय काय लक्षात आहे, असं तिच्या मनात आलं.

“नकुशी बांधावर उभी ऱ्हायची बघायला,” हौशीराम खुशीत सांगत होते. “मंग मी मुद्दाम दोनदा मागं घ्यायचो.”

सुषमानं तोंड खिडकीकडं फिरवलं. बांधावरच्या त्या पोरीचा तिला इतका हेवा वाटला, की माळेचा मणी बोटाखालीच थांबला.

चुकत-माकत गाडी यवतला हायवेवर निघाली. तिथं चहाला थांबल्यावर हौशीरामांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत हिरव्या बांगड्या होत्या.

“बाई, बघा बरं. आवडतील का तिला?”

“कुठल्या मापाच्या?” सुषमानं विचारलं.

“सव्वादोन. नाजूक हात हाय तिचा.”

सुषमानं एक उचलली आणि कुणी सांगितलं नसताना आपल्या हातात सारली. बोटांच्या पेरांपाशीच ती अडली.

“तुमच्या हातात न्हाई जायची ती,” हौशीराम म्हणाले. बोलण्यात आकस नव्हता. “फुटंल. द्या इकडं.”

तिनं दिली.

जीपकडं जाताना तिनं सूरजला गाठलं. “इथनंच माघारी फिरू या का रे? तिथं जाऊन यांना ती भेटलीच न्हाई, तर?”

सूरजनं तिच्यासाठी जीपचं दार उघडून धरलं.

हायवे सोडल्यावर फोनमधली बाई पुन्हा घोटाळली. ती सरळ जा म्हणत होती आणि हौशीराम म्हणत होते, गुऱ्हाळापाशी वळ. गुऱ्हाळ कुठंच नव्हतं. त्याच त्या चौकातून गाडी दोनदा फिरली. हौशीराम पुडी उघडून बांगड्या पुन्हा पुन्हा मोजायला लागले. ऊन उतरलं, ती वाट बघून घरात गेली असंल, असं ते पुटपुटत होते आणि आवाज रडवेला होत चालला होता.

सुषमानं माळ कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली.

“त्या मंगल कार्यालयाच्या अलीकडनं आत घे,” ती म्हणाली. “गुऱ्हाळ तिथंच हुतं.”

सूरजनं आरशातून तिच्याकडं बघितलं. “काकू, तुम्हाला रस्ता ठाऊक होता?”

“पहिल्यापासनं.”

शेवंतीच्या वाफ्यांपलीकडं घर होतं. ओट्यावर धुरपदा म्हातारी फुलं निवडत बसली होती. गाडी थांबते न थांबते तोच हौशीराम पुडी घेऊन उतरले आणि तरण्या गड्यासारखे भराभर चालत, म्हातारीकडं न बघता घरात शिरले. नकुशी, अगं नकुशी. आधी माजघरातून हाक आली, मग मागच्या पडवीतून.

सुषमा दारापर्यंत आली आणि थांबली. तिचा पाय उंबऱ्यावरून उचलेना.

धुरपदानं कपाळावर हाताचा आडोसा धरला, तिला नीट न्याहाळलं आणि बोळकं पसरून हसली.

“अगं नकुशे, जावई कवाधरनं हाका मारत्यात, आन् तू दारात काय उभी ऱ्हायलीस?”