उत्तर कड्यावरच्या पायऱ्या

पिझ तुर्मेंताच्या उत्तर कड्यावरून शिखर आजवर कोणीच गाठलं नव्हतं. चढताना आमच्या गावचे तीन वाटाडे तिथेच मेले. मी आणि बाबा अर्ध्यावर पोचलो, तेव्हा बाबांच्या गारठलेल्या हातांत बर्फात पायऱ्या खोदायची कुऱ्हाड ठरेना.

“उर्सिना, पुढच्या पायऱ्या काय दातांनी खोदू? चल माघारी.”

तेवढ्यात वरून बर्फाचे ताजे कपचे अंगावर पडू लागले. कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. मान वर केली, तर शिखरापर्यंत कडा स्वच्छ, मोकळा.

“बाबा, कोण आहे?”

त्यांनी कशीबशी टोपी काढली. “हळू बोल. त्या तिघांतल्या कोणाचं तरी काम चालू आहे.”

घाव खाली खाली येत गेले. मग माझ्या नाकासमोरच्या निळ्या बर्फात एक पायरी कोरली गेली, नेमकी माझ्या पावलाएवढी.