पाचवा सुरुंग

"चार," काशीराम म्हणाला.

"पाच." रामाने त्याच्यासमोर येऊन पाचही बोटं वर केली. "पाच उडाले, काशीदादा. म्या मोजलेत."

दोघे दगडी गडग्याआड बसले होते. पन्नास पावलांवर सुर्वेशेटांच्या नव्या विहिरीतून धूर वर येत होता. जांभा संपून काळा कातळ लागला होता आणि तीस हात खाली आज पाच सुरुंग भरले होते. चारच उडाले असतील, तर पाचवा दारूसकट कातळात जिवंत होता. त्याच्यावर पहार घालणारा माणूस पाटीतून वर काढावा लागला असता.

काशीरामला हे कोणी सांगायला नको होतं. बुरोंडीच्या विहिरीत त्याचा पहिला जोडीदार लवू असाच गेला. मोजणाऱ्याने बेफिकिरीने 'सगळे उडाले' म्हटलं आणि लवू उतरला. तेव्हापासून काशीरामने एक रीत पाळली होती. आकडा जुळला नाही तर उतरायचं नाही, आणि मनात असेल ते तोंडावर बोलायचं. नऊ वर्षं त्याचं आणि रामाचं याच रीतीवर चाललं होतं.

"मी उतरतंय पयला," रामा म्हणाला. "तू वर ऱ्हा."

काशीराम नको म्हणत असतानाच तो उतरला, दिवसभर डबर भरून त्याने पाट्या वर पाठवल्या आणि तिन्हीसांजेला धडधाकट वर आला. दुसरा कोणी असता तर तिथेच विषय संपला असता. पण काशीरामच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पाचवा कुठे आहे हे माहीत असणारा माणूस त्या कोपऱ्यात पहार घालेलच कशाला?

आणि रामा बदलला होता, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पूर्वी तो विहिरीच्या तोंडावरून मोकळ्या गळ्याने हाका मारायचा. आता दोर दोनदा हिसकायचा आणि गप्प राहायचा. काही सांगायचं झालं की अगदी छातीला छाती लावून उभा राहायचा आणि डोळ्यात डोळे घालून बोलायचा. लहानाने मोठ्यापुढे असं उभं राहायचं नसतं. सुर्वेशेटांशी मात्र त्याचं इतक्या हळू चालायचं, की एक शब्द काशीरामपर्यंत येत नसे. माणसं उगाच कुजबुजत नाहीत.

कारणही उघड होतं. सुरुंगाच्या दारूचा परवाना काशीरामच्या नावावर होता. काशीराम गेला की तो कोणाकडे येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

घरात तरी कुठे धड होतं? काशीरामची बायको गोदा याच विहिरीवर डबर उचलायला यायची. ती हल्ली बोलण्याआधी त्याच्या दंडाला हात लावायची. वीस वर्षांच्या संसारात तिने कधी असं लाडीगोडीचं केलं नव्हतं. ही कोणाच्या सांगण्यावरून वागते, असाही एक घाणेरडा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. काशीराम चार म्हणाला, रामा पाच. या वेळी काशीराम तडक सुर्वेशेटांकडे गेला.

"शेट, आडून बोलणं मला जमत नाय. रामा खोटा आकडा सांगतो. आता हितं त्यो तरी ऱ्हाईल, नायतर मी."

सुर्वे पूर्वी मुंबईच्या गिरणीत कामगार भरणारे जॉबर होते. माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी मागे उभ्या असलेल्या रामाकडे पाहिलं. रामाने मान खाली घातली.

"म्हणणं काय तुझं?" त्यांनी काशीरामला विचारलं.

"तोंडानं कोण काय बोलेल त्याचा भरवसा नाय. उद्या सगळ्यांनी मोजायचं. एकमेकांकडं पाठ करून बसायचं. सुरुंग उडाला की एक खडा मुठीत. मागनं मुठी उघडायच्या. जो चुकला, त्यानं काम सोडायचं."

रामाचा चेहरा उतरला. तो काशीरामच्या समोर आला. "दादा, खड्यांचं नको. तुला मी नको असंन तर मी उद्या घरी जातंय. पन ह्यां नको."

चोराच्या मनात चांदणं, काशीराम मनात म्हणाला. जिंकल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं. एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेला माणूस होता तो.

"नको का म्हनतंस? खऱ्याला कसलं भ्या?"

रामाने शेटांकडे पाहिलं. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीरामने पाच सुरुंग स्वतः ठासले. वाती स्वतः पेटवल्या, दोरावरून वर आला आणि धावत गडग्याआड येऊन बसला. सुर्वे, रामा आणि गोदा आधीच पाठ करून बसले होते. काशीरामने डोळे मिटले. प्रत्येक दणक्याला एक खडा, यापलीकडे त्याने दुसरं काही मनात येऊ दिलं नाही. धूर पांगेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

मग तो उठला आणि त्याने सगळ्यांसमोर हात पसरला. तीन खडे.

"तीनच," तो म्हणाला. "दोन जिवंत हायत खाली. आता रामा, तू उघड."

रामा उघडेना. काशीरामने त्याचं मनगट धरून बोटं सोडवली. मुठीत पाच खडे होते.

"बगा, शेट. तुमच्यासमोर सांगतोय, पाच म्हनून."

सुर्व्यांनी आपली मूठ उघडली. तिच्यातही पाच होते.

काशीराम मागे सरला. म्हणजे शेटही यात होते. त्याने गोदाकडे पाहिलं. ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, मेली तरी बोलली नसती. "गोदा, तू दाखव ह्यांना."

गोदा रडत होती. ती त्याच्या अगदी समोर आली. तिचे ओठ हलले, पुन्हा हलले, पण शब्द त्याच्यापर्यंत आला नाही. मग तिने त्याचा हात धरला आणि आपल्या मुठीतले खडे एकेक करून त्याच्या तळहातावर ठेवले. पाच.