हलू नकोस

"पूर्वी प्रथिनाचा स्फटिक गोठवूनच त्याचा एक्स-रे काढायचो," प्रयोगशाळेत मुलगी आपल्या फोटोग्राफर बाबांना सांगत होती. "पण गोठवलं की प्रथिन अवघडून बसतं. आता खोलीतल्याच तापमानाला, झटपट काढतो. मोकळं असलं की ते हलतं, आणि औषधाला शिरायला जागा कुठे आहे ते तेव्हाच दिसतं."



घरी येताच बाबांनी कॅमेरा काढून आईला खुर्चीत बसवलं. आईने सवयीने मान ताठ केली, श्वास रोखला.

"बोल ना काहीतरी," बाबा म्हणाले.

"अहो, चाळीस वर्षं 'हलू नकोस' म्हणून दटावलंत, आणि आज म्हणे बोल!" आई खळखळून हसली.

फोटो चांगलाच हलला. बाबांनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला हा छापून अडकवला.